मेंदूत उतरलेला उपदंश: पेशंट किती सावरेल हे कशावर ठरतं आणि काय काय सांभाळायचं

सिफिलिस म्हणजे उपदंश. जुनी माणसं ‘गरमी’ म्हणतात तोच हा आजार. त्याचा जंतू पेनिसिलिननं मरतो. १९४३ साली अमेरिकेत पहिल्या चार पेशंटना ते दिलं तेव्हा मेला आणि आजही मरतो. पेनिसिलिनला दाद न देणारा उपदंश अजून आढळलेला नाही. त्यामुळं हा आजार मेंदू, पाठीचा कणा, डोळा किंवा कानापर्यंत पोचलाय असं कळलं की घरच्यांना वाटतं, औषध आहे म्हणजे माणूस पहिल्यासारखा होणारच.

तसं दर वेळी होत नाही. औषध जंतू मारतं, पण मेलेली मज्जापेशी परत आणत नाही. पहिला डोस पडायच्या आधी किती नुकसान होऊन गेलं आणि पुढचे सगळे डोस वेळेवर गेले का, या दोन गोष्टींवर बराचसा निकाल ठरतो. पेशंटचं वय, आजाराचा प्रकार, एचआयव्ही, किडनीची अवस्था यांचाही त्यात हात असतो, पण वय काही आपल्याला बदलता येत नाही. दिवस आणि डोस मात्र सांभाळता येतात. म्हणून इथं भर त्यांच्यावरच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातली घरची माणसं, फॅमिली डॉक्टर, वॉर्डातले ज्युनिअर डॉक्टर आणि सिस्टर यांच्या कामी यावं अशा बेतानं हे लिहिलंय. औषध आणि डोस डॉक्टरच ठरवतील, पण आकडे घरच्यांनाही माहीत असले तर चूक लवकर नजरेला येते.

प्रकार कळला की अंदाज बांधता येतो

उपदंश मेंदूत जायला वीस वर्षं लागतात, ही समजूत चुकीची आहे. जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचू शकतो. बऱ्याच जणांचं शरीर त्याला तिथून हुसकावून लावतं, काहींच्यात तो ठाण मांडून बसतो. पुढं काय होणार हे तो कुठं आणि किती काळ बसला यावर ठरतं.

सगळ्यात चांगले सावरतात ते मेंदूच्या आवरणाला नुकती सूज आलेले पेशंट. संसर्गानंतर वर्षा-दोन वर्षांच्या आत डोकेदुखी, मान आखडणं, उलट्या, कधी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं असा त्रास होतो. काहींना तर लक्षणच नसतं, फक्त पाठीतल्या (म्हणजे मेंदूभोवतीच्याच) पाण्यात बिघाड सापडतो. कोर्स पूर्ण झाला तर यांतले बहुतेक जण पुन्हा कामाला लागतात.

रक्तवाहिन्यांच्या प्रकारात मेंदूच्या धमन्या आतून सुजतात, अरुंद होतात आणि अंगावरून वारं जातं. साधारण पाच ते बारा वर्षांनी असं होतं, पण काही महिन्यांतही झालेलं आहे. इथं एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. झटका यायच्या आधी काही दिवस किंवा आठवडे डोकं दुखत असतं, चक्कर येते, झोप उडते, माणूस चिडका होतो. नेहमीच्या लकव्यात इतके दिवस आधीपासून अशी कुरबुर सहसा नसते. पेनिसिलिन पुढचा झटका टाळतं. आधीच्या झटक्यात गेलेली ताकद किती परत येईल हे फिजिओथेरपी किती लवकर सुरू झाली आणि किती नेटानं चालू राहिली यावर असतं.

दहा ते पंचवीस वर्षांनी येणारा ‘जनरल पॅरेसिस’ घराला सगळ्यात जास्त पिळून काढतो. यात मेंदूच झिजत जातो. स्मरणशक्ती जाते, स्वभाव पालटतो, कुणी एकदम मोठमोठ्या बाता मारायला लागतो आणि उधळपट्टी करतो, कुणी नुसता बसून राहतो. ओठ आणि जीभ थरथरते, बोलणं अडखळतं. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणायला सांगितलं की शब्द एकमेकांत अडकतात. सही बदलते. दूध संस्थेत किंवा सेवा सोसायटीत ‘सही जुळत नाही’ म्हणून कागद परत यायला लागले, तर जुनी आणि नवी सही शेजारी ठेवून पाहा. अक्षरं कापरी, कुठं गाळलेली, ओळ खाली घसरलेली दिसली तर तो कागद डॉक्टरांकडं घेऊन जा. पेनिसिलिन यायच्या आधी असे पेशंट तीन-चार वर्षांत दगावत. त्या काळी मुद्दाम मलेरियाचा ताप आणून उपचार करत, आणि त्याबद्दल वाग्नर-याउरेग यांना १९२७ साली नोबेल मिळालं. आता आजार थांबवता येतो. पण एमआरआयवर मेंदू आकसलेला दिसत असेल, विसरभोळेपणाला वर्षं लोटली असतील, वारंवार फिट येत असतील, तर पूर्ण बरं होण्याची आशा घरच्यांना दाखवू नये. आहे तिथं थांबणं आणि थोडी सुधारणा होणं, हेही मोठं यश आहे. ते आधीच मोकळेपणानं सांगावं. नाहीतर चौदा दिवसांचा कोर्स संपल्यावर घरच्यांना वाटतं की औषध लागूच पडलं नाही.

टेबीस डॉर्सालिस हा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागाचा आजार, साधारण वीस-पंचवीस वर्षांनी दिसणारा. पायात विजेसारख्या कळा, अंधारात किंवा डोळे मिटले की तोल जाणं, लघवी तुंबणं, पायाला बधिरपणा. जंतू मेला तरी कळा आणि तोल बऱ्याचदा तसेच राहतात.

डोळा आणि कान कुठल्याही टप्प्यावर बिघडू शकतात. डोळा लाल होऊन नजर धूसर झाली आणि काही दिवसांत उपचार मिळाले, तर नजर चांगली सुधारते. पण डोळ्याची नस पांढरी पडून सुकली असेल तर गेलेली नजर परत येत नाही. कानाचं त्याहून अवघड आहे. ऐकणं काही जणांचंच सुधारतं, म्हणून तिथं थांबायला अजिबात जागा नाही. डोळ्याच्या किंवा कानाच्या उपदंशात पाठीतलं पाणी नॉर्मल आलं तरी उपचार मेंदूच्या उपदंशाचेच करतात. ‘पाणी चांगलं आलं, आता गोळ्यांवर भागेल’ असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबून विचारा.

दिवस वाया जातात ते कुठं

माणूस बरळायला लागला की आधी देवऋषी, मग झोपेच्या गोळ्या, मग मानसोपचार. लकवा मारला की बीपी आणि साखर एवढंच पाहून घरी. नजर गेली की चष्म्याचा नंबर. प्रत्येक ठिकाणी दोन-चार महिने जातात आणि रक्ताची एक साधी तपासणी तेवढी राहून जाते. डॉक्टरांनाही हा आजार आता फारसा दिसत नाही, त्यामुळं पटकन आठवत नाही. घरच्यांनाही विचारायला लाज वाटते. सगळ्यात जास्त नुकसान या लाजेनं होतं.

पुढच्या पेशंटची उपदंशाची तपासणी व्हायलाच हवी: पन्नाशीच्या आत लकवा मारलेला, चाळिशीनंतर पहिल्यांदाच वेडाची लक्षणं दिसलेला, वर्षभरात झपाट्यानं विसरभोळा झालेला, कारण न सापडता डोळा सुजलेला किंवा अचानक कमी ऐकू यायला लागलेला, आणि एचआयव्ही असलेला कुणीही ज्याला नवीन मेंदूचं लक्षण आलंय. पूर्वी गुप्तभागावर न दुखणारी जखम होऊन आपोआप गेली होती का, तळहात-तळपायांवर चट्टे आले होते का, हे पेशंटला एकट्यात विचारावं. बायको, मुलगा, सासरे समोर असताना खरं उत्तर मिळत नाही.

बाहुलीची तपासणी कुठल्याही दवाखान्यात होते. खोलीत उजेड कमी करा, पेशंटला समोरच्या भिंतीकडं बघायला सांगा, बाजूनं एकेका डोळ्यावर बॅटरी टाका. बाहुली आकसली पाहिजे. मग त्याच पेशंटला नाकासमोर धरलेल्या बोटाकडं बघायला लावा. उजेडाला न हलणारी, बारीक, वेडीवाकडी बाहुली जवळ बघताना मात्र आकसली, तर ती अर्गाइल रॉबर्टसन बाहुली. ती दिसली की त्याच दिवशी रक्त पाठवा. ती दिसली नाही म्हणून आजार नाही, असं मात्र समजू नका.

रक्ताच्या दोन वेगळ्या तपासण्या असतात आणि दोन्ही लागतात. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही पहिली. हिचा आकडा १:८, १:३२, १:६४ असा येतो, आजाराच्या जोराबरोबर चढतो आणि उपचारानंतर उतरतो. टीपीएचए ही दुसरी. ती एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांची जन्मभर तशीच राहते. गफलत इथं होते की जुन्या, मेंदूत मुरलेल्या उपदंशात व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते. फक्त ती बघून ‘काही नाही’ म्हटलं, तर ज्या पेशंटला सगळ्यात जास्त गरज आहे नेमका तोच सुटतो. म्हणून म्हाताऱ्या, विसरभोळ्या किंवा तोल जाणाऱ्या पेशंटची टीपीएचए आवर्जून मागा. याच्या उलटही होतं. रक्तात अँटिबॉडींचं (जंतूविरुद्ध शरीर बनवतं त्या प्रतिद्रव्यांचं) प्रमाण फार असलं तर पातळ न केलेल्या रक्तात व्हीडीआरएल खोटी निगेटिव्ह येते. संशय दाट असेल तर लॅबला ‘सीरम डायल्यूट करून पुन्हा लावा’ असं चिठ्ठीवर लिहून द्या. आणि गरोदरपण, क्षयरोग, कुष्ठरोग, ल्युपस यांत व्हीडीआरएल कमी आकड्यानं खोटी पॉझिटिव्ह येते, टीपीएचए केली की ते उलगडतं.

दसरा चौकाजवळच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आणि एचआयव्हीच्या मोफत तपासणीचं केंद्र असतं. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ गुप्तरोगांसाठीच असतात. तिथं पेशंटला नाव फुटायची भीती बाळगायचं कारण नाही. कुठं जायचं ते कळत नसेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

पाठीतलं पाणी

पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो, ही भीती गावोगावी आहे. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमधून जाते आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं. बारीक सुई वापरली तर तेही कमी. मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर आधी स्कॅन करतात, एवढी काळजी पुरे.

खरी चूक होते ती पाणी काढल्यानंतर. पेशी मोजायच्या असतात आणि त्या बाटलीत पडल्या पडल्या फुटायला लागतात. तासाभराच्या आत मोजणी व्हायला हवी. वॉर्डात काढलेला नमुना फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी राजारामपुरीतल्या लॅबला पाठवला, तर रिपोर्टवर खऱ्यापेक्षा कमी आकडा येऊ शकतो. त्यामुळं पाणी काढायच्या आधी लॅबला फोन करा, नातेवाइकाला तिथं तयार ठेवा, आणि सकाळची वेळ निवडा. रक्त मिसळलेलं पाणी आलं तर व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून पाण्याचा रंग केसपेपरवर लिहून ठेवा.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी पाहायच्या: पेशी घनमिलिमीटरला ५ च्या वर, प्रथिन डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर, आणि पाण्यातली व्हीडीआरएल. शेवटची पॉझिटिव्ह आली तर निदान जवळपास पक्कं. पण ती निगेटिव्ह असून आजार असणारे पेशंट पुष्कळ असतात. पेशी आणि लक्षणं जुळत असतील तर फक्त त्या एका निगेटिव्हवर उपचार थांबवू नयेत. एचआयव्ही असेल तर पेशी त्या आजारानंही थोड्या वाढतात, म्हणून अशा पेशंटमध्ये २० च्या वरचा आकडा जास्त भरवशाचा.

चौदा दिवस, चौऱ्याऐंशी डोस

पेनिसिलिन हे एक नाव, पण औषधं तीन, आणि इथंच सगळ्यात महाग पडणारी चूक होते. बेन्झाथिन पेनिसिलिन म्हणजे कमरेत घ्यायची ‘पेनिड्युर’, सांधेवाताच्या तापाला दर तीन आठवड्यांनी देतात तीच. साध्या उपदंशाला ती उत्तम. पण तिचं औषध रक्तात हळूहळू झिरपतं आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात जंतू मरेल एवढं पोचत नाही. मेंदूचा उपदंश असताना नुसत्या पेनिड्युरच्या तीन सुया देऊन घरी पाठवलेला पेशंट काही महिन्यांनी आणखी बिघडून परत येतो, आणि सगळे म्हणतात, ‘पेनिसिलिन तर दिलं होतं.’ म्हणून केसपेपरवर नुसतं ‘पेनिसिलिन’ लिहू नका. कुठलं, किती युनिट, कुठल्या मार्गानं, किती तासांनी, हे पूर्ण लिहा.

मेंदूसाठी लागतं ते क्रिस्टलाइन पेनिसिलिन, शिरेतून. दिवसाला १८० ते २४० लाख युनिट, म्हणजे दर चार तासांनी ३० ते ४० लाख, १० ते १४ दिवस. चार तासांचा आग्रह कशासाठी ते समजून घ्या. हे औषध रक्तातून अर्ध्या तासात निम्मं होतं. आणि जंतू फार सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला तीस तासांच्या आसपास लागतात. वाढत असतानाच पेनिसिलिन त्याला मारतं. म्हणून औषधाची पातळी दिवसरात्र टिकली पाहिजे आणि तीही बरेच दिवस. तिप्पट डोस एकदम देऊन हे काम होत नाही.

आता हिशोब करा. बाजारात साधारण १० लाखांची बाटली मिळते. ४० लाखांच्या डोसला चार बाटल्या, दिवसाला सहा डोस म्हणजे २४, आणि चौदा दिवसांच्या ३३६. ३० लाखांचा डोस असेल तर २५२. एवढा साठा एका मेडिकलमध्ये क्वचितच असतो. पहिल्या दिवशीच किमान पाच दिवसांचा हातात घ्या, उरलेल्याची ऑर्डर त्याच दिवशी नोंदवा, आणि रविवार किंवा सण मध्ये येतोय का ते बघा. नवव्या दिवशी रात्री बाटल्या संपल्या आणि सकाळपर्यंत दोन डोस चुकले, असं होऊ देऊ नका. सरकारी योजनेत खर्च बसतो का हे भरतीच्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

वेळा ठरवताना ६, १०, २, ६, १०, २ अशा ठेवा. रात्री दोनचा डोस सगळ्यात जास्त चुकतो: पाळी बदललेली असते, वॉर्डात एकच सिस्टर असते, पेशंट झोपलेला असतो. यावर साधा उपाय आहे. वहीच्या एका पानावर चौदा ओळी आणि सहा रकाने आखा. डोस गेला की त्या घरात प्रत्यक्ष वेळ लिहा आणि रिकाम्या बाटल्या मोजून आकडा टाका. जवळच्या नातेवाइकानं रात्री पावणेदोनचा गजर लावावा आणि सिस्टरांना नम्रपणे आठवण करावी. दिवसाच्या शेवटी २४ बाटल्या (३० लाखांचा डोस असेल तर १८) भरल्या नाहीत, तर कुठला डोस चुकला ते लगेच सापडतं. ८४ घरांपैकी दोन-तीन रिकामी राहिली तर डॉक्टरांना सांगा. दिवस वाढवायचे का ते तेच ठरवतील.

बाटल्या स्टराइल पाण्यात विरघळवून १०० मिली सलाईनमध्ये घालून अर्ध्या ते एका तासात सोडतात. या औषधानं शीर सुजते. शिरेतल्या नळीच्या (इंट्राकॅथच्या) जागी लाली, कडकपणा, दुखणं दिसलं की जागा बदला. दुखतंय म्हणून पेशंटच नळी उपसून टाकतो आणि तो डोस वाया जातो. पॅरेसिसचा पेशंट गोंधळलेला असतो, त्याच्या हाताला बँडेज नीट गुंडाळून ठेवा आणि शेजारी कायम माणूस हवा.

किडनी अशक्त असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर औषध साचून फिट येते, आणि ती फिट आजाराची समजून भलतेच उपचार होतात. म्हणून क्रिॲटिनिन ही किडनीची रक्ततपासणी पहिल्या दिवशी आणि मग आठवड्यातून दोनदा. बाटलीवर सोडियम आहे की पोटॅशियम तेही वाचा. २४० लाख युनिटमागं दिवसाला साधारण ४० मिलिइक्विव्हॅलंट जातं. पोटॅशियमचं असेल तर किडनीच्या पेशंटच्या हृदयाला धोका, सोडियमचं असेल तर हृदय कमजोर असलेल्याला धाप.

सहाव्या-सातव्या दिवशी ताप उतरलेला असतो, डोकं हलकं झालेलं असतं. शेतात ऊसतोडीची टोळी आलेली असते, कारखान्यात पाळी चुकत असते, चंदगड-आजऱ्याकडची माणसं रोजच्या एसटीला वैतागलेली असतात, आणि ‘बरं वाटतंय, घरी जातो’ सुरू होतं. बरं वाटणं म्हणजे सूज उतरणं, जंतू संपणं नव्हे. अर्धवट कोर्स झाला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते. घरातली रात्रपाळी पहिल्या दिवशीच वाटून घ्या, म्हणजे एकाच माणसावर चौदा दिवस पडत नाहीत.

दर चार तासांनी शिरेतून देणं खरोखरच जमत नसेल, तर दोन रस्ते आहेत. एक, प्रोकेन पेनिसिलिन रोज २४ लाख युनिट कमरेत आणि सोबत प्रोबेनेसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, तितकेच दिवस. प्रोबेनेसिड हा या उपायाचा अर्धा भाग आहे. गोळी चुकली तर सुई वाया. दोन्ही औषधं पूर्ण कोर्सची हातात आल्याशिवाय हा मार्ग धरू नका. दुसरा, सेफ्ट्रियाक्सोन रोज १ ते २ ग्रॅम, १० ते १४ दिवस. फ्रान्समधल्या आठ रुग्णालयांतल्या २०८ पेशंटच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा सेफ्ट्रियाक्सोनचा निकाल पेनिसिलिनपेक्षा वाईट आढळला नाही. आमच्या मते, खेड्यातला पेशंट रात्रीचे डोस हमखास चुकवणार असेल, तर दिवसाची एक खात्रीची सुई बरी. पण हे तज्ज्ञानं ठरवायचं, सोयीसाठी परस्पर नाही. अझिथ्रोमायसिन मात्र इथं देऊच नये, त्याला न जुमानणारे जंतू बरेच पसरलेत. मेंदूचा कोर्स संपल्यावर, संसर्ग जुना असेल तर पेनिड्युर २४ लाख आठवड्याला एक अशी एक ते तीन वेळा देतात. तिची जागा इथं, कोर्सच्या शेपटाला.

पहिल्या डोसनंतर काही तासांत थंडी वाजून ताप, अंगदुखी, डोकेदुखी येऊ शकते. जंतू एकदम मरतात त्याची ही प्रतिक्रिया, सहसा २४ तासांत ओसरते. नातेवाईक ती रिॲक्शन समजून औषध बंद करायला लावतात, आणि तेच चुकतं. पॅरासिटामॉल आणि पाणी द्या, पण पेशंटवर लक्ष ठेवा, कारण मेंदूच्या आजारात या काळात फिट किंवा लकवा वाढू शकतो. ब्रिटनमधल्या पद्धतीत आदल्या दिवशीपासून तीन दिवस प्रेड्निसोलोन ४० ते ६० मिलिग्रॅम देतात. खरी ॲलर्जी वेगळी दिसते: डोस सुरू असताना किंवा तासाभरात अंगभर गांधी, ओठ सुजणं, छातीत घरघर, बीपी पडणं. तेव्हा डोस बंद आणि ॲड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, लगेच. भरलेली सिरिंज नसली तरी ॲम्प्यूल, सिरिंज आणि सुई पेशंटच्या खाटेजवळ हवीत, कपाटाच्या कुलपात नव्हे.

पूर्वी पेनिसिलिननं असं झालेलं असेल तर अतिदक्षता विभागात थोड्या थोड्या वाढत्या डोसनं शरीराला सवय लावतात, चार तासांच्या आसपास लागतात. गरोदर बाईसाठी तर दुसरं औषधच नाही, कारण पोटातल्या बाळापर्यंत खात्रीनं पोचतं ते पेनिसिलिनच. ही सवय औषध चालू आहे तोवरच टिकते. मध्ये खंड पडला आणि पुढचा डोस तसाच दिला तर जिवावर बेतू शकतं.

एचआयव्ही असेल तर

उपदंश सापडलेल्या प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी करावी, पेशंटची संमती घेऊनच. २०१७ च्या कायद्यानं ही संमती बंधनकारक आहे. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ३५० किंवा त्याहून कमी, किंवा रक्तातली आरपीआर १:३२ किंवा त्याहून जास्त असेल, तर मेंदूपर्यंत आजार गेल्याची शक्यता वाढते. प्रतिकारशक्ती फार खाली असलेल्यांचं पाठीतलं पाणी सुधारायला वेळ लागतो आणि आजार उलटण्याचीही भीती जास्त. पेनिसिलिनचा डोस तोच राहतो. फरक पाडतं ते एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, नियमित घेणं.

घरी गेल्यावर

डिस्चार्ज कार्डवर चार गोष्टी लिहून घ्या: औषधाचं पूर्ण नाव, दिलेल्या डोसची संख्या, उपचाराआधीचा व्हीडीआरएल किंवा आरपीआरचा आकडा, आणि पुढच्या तपासणीच्या तारखा. तो आकडा नसेल तर सहा महिन्यांनी आलेल्या १:८ ला काही अर्थ राहत नाही.

रक्त ३, ६, ९, १२ आणि २४ महिन्यांनी तपासा. प्रत्येक वेळी तीच चाचणी आणि शक्यतो तीच लॅब. एकदा व्हीडीआरएल आणि पुढच्या वेळी आरपीआर केली तर आकडे जुळवता येत नाहीत. १:६४ चा १:१६ होणं म्हणजे दोन पायऱ्या खाली, ही खरी सुधारणा. १:३२ चा १:१६ ही एकच पायरी, ती तपासणीतल्या चढउताराचीही असू शकते. काहींचा आकडा १:२ किंवा १:४ वर वर्षानुवर्षं अडकून राहतो, त्याची घाबरगुंडी नको. मात्र आकडा दोन पायऱ्या वर चढला, किंवा नवं लक्षण दिसलं, तर उशीर नको: एकतर उपचार कमी पडलेत, नाहीतर पुन्हा संसर्ग झालाय. टीपीएचए पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका. पाठीतलं पाणी पूर्वी दर सहा महिन्यांनी तपासत. आता लक्षणं आणि रक्ताचा आकडा नीट उतरत असेल, आणि एचआयव्ही असल्यास एआरटी चालू असेल, तर पुन्हा काढायची गरज सहसा नसते. काढलंच तर आधी पेशी उतरतात, प्रथिन सगळ्यात शेवटी.

पॅरेसिसच्या पेशंटच्या हाती पासबुक, एटीएम, ट्रॅक्टरची किंवा मोटरसायकलची किल्ली देऊ नका. महिन्याला एकदा त्याच्याकडून सही, तारीख आणि घरातल्यांची नावं एका वहीत लिहून घ्या. डॉक्टरांना सुधारणा दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. वेडाच्या लक्षणांना औषध लागलं तर कमी डोसनं सुरू करावं, हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं या पेशंटचं अंग लवकर कडक होतं. लघवी तुंबत असेल तर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीनं काढायला सिस्टरांकडून शिकून घ्या, कारण दगावणारे पुष्कळ जण मेंदूनं नव्हे तर लघवीच्या जंतुसंसर्गानं, फुप्फुसाच्या न्युमोनियानं किंवा पाठीच्या जखमांनी दगावतात. टेबीसच्या कळांना गॅबापेंटिन किंवा कार्बामाझेपिन देतात. पाय बधिर असेल तर आपली कोल्हापुरी चप्पल बाजूला ठेवा. नवं कातडं चावतं आणि त्याला ते कळतच नाही, जखम हाडापर्यंत जाऊ शकते. कुष्ठरोगाच्या पेशंटना देतात तसली मऊ एमसीआर रबराची, मागं पट्टा असलेली चप्पल घ्या, रात्री तळपाय आरशात पाहा, आणि गुडघा किंवा घोटा न दुखता सुजला तर भार न टाकता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

ताट, पेला, कपडे वेगळे करायची गरज नाही, या आजाराचा जंतू त्यांतून जात नाही. पण नवरा-बायको दोघांची तपासणी त्याच आठवड्यात करा, बायको गरोदर असेल तर त्याच दिवशी. संसर्गाच्या काळानंतर झालेल्या मुलांचंही रक्त तपासा. एकाचाच उपचार झाला आणि दुसऱ्याचा राहिला, तर चौऱ्याऐंशी डोसांची मेहनत पाण्यात जाऊ शकते. जोडीदाराचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोमशिवाय संबंध नकोत, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याचा किंवा तिचा उपचार पूर्ण होईपर्यंत संबंधच नकोत.